जीनचं नाव ठेवलंस गं, पण त्याचा सातबारा कुठंय?

पत्र आलंय, सोबत पेपरचा ड्राफ्टही. पत्र आधी थोडक्यात देते, कंसातले खुलासे माझे.

«ताई, मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, हरभऱ्यातल्या मर रोगावर काम. विजय आणि जेजी-६२ ही दोन वाणं घेऊन एका जीनचं एक्स्प्रेशन (तो किती चालू आहे ते) बघितलं, छान फरक आला, पेपर पाठवला. रिव्ह्यूअरने परत पाठवला, म्हणे "हा नेमका कुठला जीन ते कळत नाही". आम्ही नाव दिलंय सीए-वर्की-४०, कारण ब्लास्टमध्ये (डीएनएचा क्रम, म्हणजे सिक्वेन्स, जुळवून शोधणारा प्रोग्रॅम) अ‍ॅराबिडॉप्सिसचा वर्की-४० सगळ्यात वर आला (अ‍ॅराबिडॉप्सिस म्हणजे प्रयोगशाळांतलं नेहमीचं अभ्यासाचं रोपटं, वर्की हे जीनचं एक कुटुंब). आता तो विचारतो की हरभऱ्यात याच नावाचा जीन आधी छापलाय तोच का हा, आणि मिरचीतला तो वेगळा ना, आणि लोकस आयडी (जीनच्या जागेचा नंबर), जीनोमची (झाडाच्या अख्ख्या डीएनएची) आवृत्ती, अ‍ॅक्सेशन नंबर (सिक्वेन्सचा डेटाबेसातला नोंदणी क्रमांक) काहीच का नाही. सर म्हणतात रिव्ह्यूअर खुसपट काढतोय, दुसऱ्या जर्नलला टाकू. त्यात भर म्हणजे आमच्या लॅबमधल्या एका सीनियरच्या थिसिसमध्ये हेच नाव आहे पण मला वाटतं तो जीन वेगळाच आहे. मी काय करू? आणि एक बावळट प्रश्न, नवीन नाव द्यायचंच झालं तर आजीचं देता येतं का? तिचं नाव राही. तिच्याच शेतातल्या हरभऱ्याची मर बघून मी या विषयात आले.
– नाव छापू नका, मराठवाडा»

अगं, आधी हे की रिव्ह्यूअर खुसपट काढत नाहीये, तो तुझ्यावर उपकार करतोय, सरांना हे असंच्या असं सांगू नकोस पण तू मनात धर. दुसऱ्या जर्नलला टाकून पेपर छापून येईलही कदाचित, पण मग दहा वर्षांनी तुझ्यासारखीच एखादी मुलगी तुझ्या पेपरवरून प्रायमर (नेमका जीन पकडायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवेल आणि तिचे तीन महिने मातीत जातील. मी हे तावातावाने बोलतेय कारण ती मुलगी मी होते.

झालं असं की मी प्रोजेक्टवर नवीन लागलेले, क्षारामुळे झाडावर ताण आला की कॅटलेज हे एन्झाइम किती वाढतं ते बघायचं होतं, अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये. एका पेपरच्या सप्लिमेंटरी टेबलात नुसतं «सीएटी-१» असं लिहिलेलं, मी डेटाबेसात सीएटी-१ टाकलं, जे आलं त्यावर प्रायमर काढले, मागवले, आणि बसले रिॲक्शन लावत. आकडे हलेचनात. आरएनए परत काढला, सीडीएनए परत केलं, मशीनला शिव्या घालून झाल्या. शेवटी बाजूच्या टेबलावरच्या एका मुलाने सहज विचारलं की तुझा एटी नंबर, म्हणजे जीनचा लोकस आयडी, काय, आणि तेव्हा कळलं की अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये सीएटी-१ दोन आहेत! एक कॅटलेज, तो एटी१जी२०६३०, आणि दुसरा कॅटआयॉनिक अमिनो अ‍ॅसिड ट्रान्सपोर्टर, तो एटी४जी२११२०. मी तीन महिने त्या ट्रान्सपोर्टरची सेवा करत होते. दोघांची नावं रीतसर ठेवलेली, कोणी लबाडी केली नव्हती, फक्त त्या टेबलात नंबर नव्हता आणि मीही विचारला नाही.

तू शेतकऱ्याच्या घरची आहेस म्हणून तुला पटकन कळेल. तुमच्याकडे शेताला नाव असेलच, वडाचं शेत, चिंचेचा मळा, खालची पट्टी. घरात तेवढं पुरतं. पण तलाठ्याकडे जाऊन «चिंचेच्या मळ्याचा उतारा द्या» म्हणालीस तर तो हसेल, कारण चिंचेचा मळा पंचक्रोशीत पाच जणांचा आहे. तिथे गट नंबर लागतो. आणि नुसता गट नंबर पण नाही चालत, गाव कुठलं, तालुका कुठला? गट ११२ प्रत्येक गावात असतो. तुझं सीए-वर्की-४० हे चिंचेच्या मळ्यासारखं आहे बघ.

आता तुझ्या नावाचा एकेक तुकडा बघू. «सीए» म्हणजे तुझ्यासाठी सायसर अ‍ॅरिएटिनम, हरभरा. पण मिरचीचं शास्त्रीय नाव कॅप्सिकम अ‍ॅन्युअम, ती पण सीए, आणि कॉफिया अरेबिका, कॉफी, ती पण सीए! तिघांचे लोक आपापल्या जगात सुखाने सीए लावतात. मिरचीतलं सीए-वर्की-४० २०१३ च्या एका पेपरात आहे, उष्णता आणि रालस्टोनिया जिवाणूच्या संदर्भात, आणि हरभऱ्यातलं सीए-वर्की-४० पण छापलेलं आहे आणि तेही मर रोगाच्याच संदर्भात. म्हणजे कोणी नावाने सर्च केला तर दोन्ही पेपर एकाखाली एक येणार, दोन्हीत झाड, दोन्हीत रोग, आणि तुझा तिसरा. रिव्ह्यूअर गोंधळला नसता तरच नवल. यावर सोपा उपाय म्हणजे शीर्षकात किंवा निदान अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये झाडाचं पूर्ण शास्त्रीय नाव येऊ दे, आणि दोन अक्षरांनी घोळ होतोय असं वाटलं तर मोठा प्रीफिक्स वापर. युनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसवाले पाच अक्षरं वापरतात, हरभऱ्याला सीआयसीएआर, मिरचीला सीएपीएएन, त्यात घोळ व्हायचा प्रश्नच येत नाही.

पुढचा तुकडा «४०», आणि माझ्या मते खरी गोम इथे आहे. ब्लास्टमध्ये वर्की-४० वर आला म्हणून ४०, हे ऐकायला बरं वाटतं पण अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये वर्की १८, ४० आणि ६० ही सख्खी भावंडं आहेत, तिघंही एकाच छोट्या उपगटातली, आणि हरभऱ्याच्या त्या उपगटातल्या कुठल्याही जीनला ब्लास्टमध्ये या तिघांपैकीच कोणीतरी वर येणार, थोड्याशा फरकाने. वर आला म्हणजे तोच ऑर्थोलॉग, म्हणजे दुसऱ्या झाडातला तोच जीन, असं नाही. उलट्या बाजूने पण ब्लास्ट कर, म्हणजे अ‍ॅराबिडॉप्सिसचा वर्की-४० घेऊन हरभऱ्यात शोध, तुझाच जीन वर येतो का? मग त्या उपगटाचा छोटा वंशवृक्ष काढ, हरभरा, अ‍ॅराबिडॉप्सिस, आणि एखादं जवळचं कडधान्य किंवा मेडिकॅगो (हरभऱ्याच्या नात्यातलं अभ्यासाचं झाड) घेऊन. जमलं तर आजूबाजूचे जीन पण जुळतात का बघ. दोन दिवसांचं काम आहे आणि रिव्ह्यूअरला दाखवायला एक आकृती मिळते ती वेगळीच. आणि हेही लक्षात ठेव की वर्कीच्या कुटुंबात नंबर देण्याच्या दोन रीती आहेत, काही लोक अ‍ॅराबिडॉप्सिसशी साम्य बघून नंबर देतात आणि काही लोक क्रोमोसोमवर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजत जातात, त्यामुळे एका पेपरातला ४० आणि दुसऱ्या पेपरातला ४० यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. नंबर बघून नातं जोडू नकोस.

आता गट नंबर. अ‍ॅराबिडॉप्सिसवाल्यांचं यात बरं आहे, २००० साली जीनोम आला आणि एटी, मग क्रोमोसोमचा आकडा, मग जी, मग पाच आकडे अशी पद्धत बसली, सुरुवातीला दहा-दहाच्या अंतराने नंबर दिले म्हणजे मधे नवीन जीन सापडला तर जागा असावी. दूरदृष्टी म्हणतात ती ही. भातात मात्र एका गावाला दोन तलाठी आहेत. फुलोरा आणणारा एचडी३ए जीन घे, एका पद्धतीत तो ओएस०६जी०१५७७०० आहे आणि दुसऱ्या पद्धतीत एलओसी_ओएस०६जी०६३२०, आणि लोक आळसाने पुढचं एलओसी गाळतात की मग नवख्याला वाटतं दोन वेगळे जीन आहेत किंवा टायपो आहे. भातावरचा पेपर लिहिणारीने दोन्ही द्यावेत, एका ओळीचं तर काम आहे. गव्हाचं मला आवडतं, तिथे आयडीच्या पोटातच आवृत्ती घातलेली असते, ०१जी, ०२जी, ०३जी, बघितल्या बघितल्या कळतं उतारा जुना आहे की नवा.

हरभऱ्यात तुला हे स्वतःच्या हाताने लिहावं लागेल. २०१३ साली सीडीसी फ्रंटियर या काबुली वाणाचा जीनोम आला आणि त्याच वर्षी आयसीसी ४९५८ या देशी वाणाचाही. तू पेपरात लिहिलंयस «सिक्वेन्स एनसीबीआयवरून घेतला». एनसीबीआय हा सगळ्या जगाचा सिक्वेन्सचा डेटाबेस, ते जिल्ह्याचं ठिकाण झालं गं, गाव सांग! कुठल्या वाणाचा जीनोम, असेंब्लीची (तुकडे जोडून बांधलेल्या जीनोमची) कुठली आवृत्ती, जीन कुठे कुठे आहेत त्या खुणांची, म्हणजे अ‍ॅनोटेशनची कुठली, आणि तू तो कधी उतरवून घेतलास ते. आमच्या गावात एकत्रीकरण झालं तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आजोबा मरेपर्यंत जुनाच नंबर सांगायचे आणि दरवेळी कोणीतरी जुन्या-नव्याचा तक्ता काढून बसायचं, जीनोमची नवी आवृत्ती आली की डिट्टो हेच होतं. आणि तुझा अ‍ॅक्सेशन एक्सएम ने सुरू होत असेल तर समजून घे की तो कॉम्प्युटरने बांधलेला अंदाज आहे, तो बदलू शकतो, काढूनही टाकू शकतात, म्हणून टिंबानंतरचा आकडा गाळायचा नाही, तो आवृत्तीचा आहे.

त्याहून मोठं म्हणजे तुझी झाडं विजय आणि जेजी-६२, आणि सिक्वेन्स बहुतेक सीडीसी फ्रंटियरचा. म्हणजे तू शेजारच्याच्या उताऱ्यावर आपली जमीन दाखवतेयस. तुझ्या दोन्ही वाणांतून तो जीन पीसीआरने वाढवून सिक्वेन्स करून घे, आणि ते दोन्ही सिक्वेन्स जेनबँकमध्ये (एनसीबीआयच्या सार्वजनिक साठ्यात) टाक, त्याचे स्वतःचे अ‍ॅक्सेशन नंबर मिळतील, ते पेपरात दे. हा खर्च टाळू नकोस. संदर्भ जीनोमवर आंधळा भरवसा ठेवला तर काय होतं याचं भातातलं उदाहरण सगळ्यांना माहितीये, पुरात तग धरणारा सब१ए. ओडिशाच्या एफआर१३ए या देशी वाणातून आलेला, २००६ साली त्याची ओळख पटली, २००९ पासून स्वर्णा-सब१ शेतात आहे. आणि निप्पॉनबारे या संदर्भ वाणाच्या जीनोममध्ये तो जीन नाहीच! त्याचे शेजारी सब१बी आणि सब१सी आहेत, हा गट नकाशातच नाही. तिथे तू कितीही लोकस आयडी शोधत बसलीस तरी शेजाऱ्याचाच हाती लागेल. अशा वेळी सिक्वेन्स आणि अ‍ॅक्सेशन हाच पत्ता.

एका जीनला तीन-चार नावं असणं हा उलटा प्रकार, त्याचं टेन्शन घेऊ नकोस, फक्त सगळी नावं एकदा सांगून टाक. एटी१जी१२११० बघ. क्लोरेट घातलं तरी न मरणारी झाडं सापडली त्यावरून त्याला सीएचएल-१ म्हणाले, मग तो नायट्रेट आत घेतो हे कळलं म्हणून एनआरटी१.१, आणि २०१४ मध्ये त्या अख्ख्या कुटुंबाचं बारसं नव्याने झालं तेव्हा एनपीएफ६.३. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि रेशनकार्डावरचं, बाई एकच. नाहीतर अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिडचे रिसेप्टर घे, २००९ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी शोधले, एकाने पीवायआर-पीवायएल म्हटलं, दुसऱ्याने आरसीएआर, आणि नंबरही जुळत नाहीत, एकाचा पीवायएल-९ तो दुसऱ्याचा आरसीएआर-१. आजही लोक दोन्ही नावं तिरकी रेघ मारून लिहितात, दिसायला वाईट पण कामाला चोख. म्हणून आधी छापलेला हरभऱ्याचा सीए-वर्की-४० आणि तुझा जीन एकच निघाला तर नाव तेच ठेव, त्यांचा संदर्भ दे, आणि साफ लिही की हा तोच. वेगळा निघाला तर ४० हा आकडा सोडून दे बाई. भले तुझ्या पोस्टरवर, प्रेझेंटेशनवर, सिनॉप्सिसवर तो छापलेला असेना का.

सीनियरच्या थिसिसचं काय करायचं? थिसिसमधून त्याचे प्रायमर काढ, ते जीनोमवर बसवून बघ कुठे बसतात, दहा मिनिटांत कळेल. तुझे प्रायमर पण बसव, आणि फक्त तुझ्या जीनवरच बसतात की भावंडांवर पण ते बघ, कारण हे दोन्हीकडे बसत असतील तर तुझा तो छान फरक कोणाचा आहे हा प्रश्न येईल, आणि तो रिव्ह्यूअरने विचारायच्या आधी तू विचारलेला बरा. सीनियरचा जीन वेगळा निघाला तर त्याला फोन कर, भांडायला नाही, सांगायला, आणि पेपरात एक ओळ टाक की आमच्याच लॅबच्या आधीच्या कामात हे नाव अमुक आयडीच्या जीनला वापरलं होतं. लाज वाटते याची, माहितीये. पण लॅबचा फ्रीझर तुम्हा दोघांचा एकच आहे ना, त्यात त्याच नावाच्या दोन प्लाझमिड (जीन घालून ठेवलेली डीएनएची वर्तुळं) शेजारी-शेजारी असतील आत्ता, मला अगदी डोळ्यासमोर दिसतायत.

सरांशी बोलताना «आपलं चुकलं» असं सुरू करू नकोस, गाइड लोकांना त्याची अ‍ॅलर्जी असते. म्हण की सर, नाव तुम्ही म्हणाल ते, मला फक्त पत्ता जोडायचाय, एक टेबल आणि मेथड्समध्ये चार ओळी. आणि ते टेबल तयार करूनच जा हातात, जीनचं नाव, दुसरी नावं, झाडाचं नाव, वाण, जीनोमची आवृत्ती, लोकस आयडी, अ‍ॅक्सेशन, दोन्ही प्रायमरचे सिक्वेन्स, तुकड्याची लांबी. तयार कागद समोर असला की माणूस नाही म्हणत नाही सहसा. चांगल्या प्लांट जर्नलांमध्ये मेथड्सच्या शेवटी अ‍ॅक्सेशन नंबरसाठी वेगळा परिच्छेदच असतो, त्यांचा एक अंक उघडून सरांना दाखव, तुझ्यापेक्षा त्याचं वजन जास्त पडेल.

आणि हे टेबल करताना एक्सेलवर लक्ष ठेव. एसईपी-१ नावाचा फुलांचा जीन आहे अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये, सेपालाटा, मधली रेघ न घालता टाइप केलास की एक्सेल त्याची एक सप्टेंबर करतं. माणसांच्या जीनमध्ये याच कटकटीपायी २०२० मध्ये नावं बदलावी लागली. कॉलम आधी टेक्स्ट करून मग पेस्ट कर.

कॅपिटल, स्मॉल आणि तिरक्या अक्षरांचं मी इथे देवनागरीत काय दाखवणार, आपल्याकडे कॅपिटल नाहीच! एवढंच सांगते की अ‍ॅराबिडॉप्सिसच्या रीतीत जीन तिरका आणि कॅपिटल, म्युटंट तिरका आणि स्मॉल, प्रोटीन सरळ आणि कॅपिटल, मक्यात जीनचं नाव स्मॉल लिहितात, आणि तुझं जर्नल जे मागेल ते कर. तुझ्या ड्राफ्टमध्ये «सीए-वर्की-४० वाढलं» असं सात ठिकाणी आहे, मी मोजलंय, आणि तिथे ट्रान्सक्रिप्ट (जीनची आरएनए प्रत) वाढला की प्रोटीन ते कळत नाही. तू प्रोटीन मोजलंच नाहीयेस. सातही ठिकाणी दुरुस्त कर.

राहिली आजी. प्रश्न अजिबात बावळट नाहीये. वूशेल हा जर्मन शब्द आहे, विस्कटलेल्या केसांचा, आणि सगळं जग तो जीन त्याच नावाने ओळखतं. सुपरमॅन नावाचा जीन आहे, त्याच्या एका रूपाला क्लार्क केंट म्हणतात आणि त्यांच्यात ढवळाढवळ करणाऱ्याला क्रिप्टोनाइट, तेव्हा राहीने काय घोडं मारलंय! पण तुझा जीन वर्की कुटुंबातला आहे, त्याला आडनाव आहे, कुटुंबातल्या जीनला मधेच वेगळं नाव दिलं की शोधणाऱ्याला तो सापडत नाही. उद्या तुला मर न लागणारी हरभऱ्याची एखादी वेगळी पैदास सापडली, त्यामागचा जीन कुठल्याच कुटुंबात बसेना, आणि आरएएचआय ही चार अक्षरं कुठे आधी वापरलेली नाहीत हे तू नीट शोधलंस, तर दे बिनधास्त, पहिल्याच पानावर अर्थ लिहून. तोवर फ्रीझरमधल्या त्या ट्यूबवर आजीचं नाव लिहिलंस तरी कोणी विचारत नाही, फक्त खाली बारीक अक्षरात आयडी पण लिही, आणि पर्मनंट मार्करने, साधं पेन उणे ऐंशीला पुसलं जातं.